जमीन सरकारची, मग घाण कुणाची?

 

आज मी बचतीवर बोलणार नाही, कर्जावरही नाही. पण बोलणार आहे ते हिशोबाचंच. गटाचं काम करणारी बाई, तिला दुसरं काय सुचणार! हा हिशोब आहे एका विहिरीचा, आमच्याच गावातल्या.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. काही वर्षांपूर्वी तिथून रस्त्याचं मोठं काम निघालं. ठेकेदाराला खडी टाकायला, यंत्रं उभी करायला जागा हवी होती. गायरानातला एक तुकडा त्याला वापरायला मिळाला. त्यानं पत्र्याच्या खोल्या टाकल्या आणि गाड्यांच्या डिझेलसाठी जमिनीत एक टाकी पुरली. रस्ता झाला, पत्रे निघाले, माणसं गेली. टाकी तिथंच राहिली. वर मुरूम लोटलेला, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही राहिली नाही.

गायरानाच्या उताराला आमची सार्वजनिक विहीर आहे. नळाला पाणी नसेल तेव्हा चाळीस घरं त्याच विहिरीवर. मागच्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या गटातल्या एका मावशींनी पाणी शेंदलं आणि म्हणाल्या, "अगं, पाण्याला रॉकेलचा वास येतोय." त्यांची सून हसली. म्हणाली, "आत्याबाई, रॉकेल रेशनवर मिळायचं बंद झालं, ते विहिरीत कुठून येणार?"

आठ दिवसांत भाताला वास यायला लागला. लहान पोरं पाणी तोंडाला लावीनात. पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसायला लागले.

गावातल्या आम्हा पाच जणींना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण मिळालेलं आहे. आम्ही किट काढलं. क्षार ठीक, नायट्रेट ठीक, फ्लोराइड ठीक. किट म्हणत होतं पाणी चांगलं आहे आणि नाक म्हणत होतं तोंडाला लावू नको. नंतर कळलं की या किटमध्ये तेल तपासायची सोयच नसते. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. किटनं ठीक सांगितलं तरी वास येत असेल तर पाणी थांबवा. पाण्यावरचा तवंग तेलाचा की आणखी कशाचा, हे बघायला एक साधी खूण आहे. काडीनं तवंग हलवा. तो तुटून पापुद्र्यासारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले, तर तो बहुधा लोहाचा. तुटून पुन्हा एकमेकांत मिसळला, तर तेलाचा समजा.

आणखी एक. अशा पाण्यात तुरटी फिरवून उपयोग नाही, टीसीएल टाकूनही नाही. उकळलं तर आणखी वाईट, कारण वाफ आपल्याच स्वयंपाकघरात कोंडते. पेट्रोलमधला बेंझीन नावाचा घटक कर्करोग करणारा आहे. विहिरीला पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल तर आत कुणी उतरू नये, जवळ काडी ओढू नये, मोटरही चालू करू नये. घरच्या पुरुषांना आणि गड्यांना हे आवर्जून सांगा. विहिरीत गुदमरून माणसं जायला वेळ लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. पाणी घाण झालं, ते साफ कुणी करायचं? आणि त्याचा खर्च कुणी द्यायचा?

आम्ही आधी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, गायरान सरकारचं. ग्रामपंचायत नुसती देखभाल करते. आमच्याकडे एवढा निधी कुठला?" मग तालुक्याला गेलो. तिथं उत्तर मिळालं, "जागा वापरायला दिली ती रस्त्याच्या कामासाठी. काम ज्या खात्याचं, त्याला विचारा." त्या खात्यात गेलो. साहेब म्हणाले, "टाकी ठेकेदारानं पुरली. जबाबदारी त्याची." ठेकेदाराला फोन लावला तर फोन बंद.

तीन दारं झाली, चौथं सापडेना. सगळ्यांनी काखा वर केल्या. आणि मैत्रिणींनो, प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं थोडं खरं होतं, हीच खरी अडचण. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि ते बोट चुकीचंही नव्हतं. पण या सगळ्यात पाणी कोण वाहत होतं? आपणच.

त्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत सगळ्या वैतागलेल्या. कुणी म्हणालं, सोडून द्या, सरकारी जागेचं भांडण कोण भांडणार. मी म्हटलं, भांडण राहू द्या, आधी हिशोब तर मांडू. गटाच्या जमाखर्चाच्या वहीतच नवीन पान काढलं. वर लिहिलं, "विहिरीचा खर्च".

चाळीस घरं. दुसरं पाणी एका शेतकऱ्याच्या बोअरवर, एक किलोमीटर लांब. जाऊन येऊन, ओळीत थांबून प्रत्येक घरातल्या बाईचा रोज निदान एक तास जास्तीचा. म्हणजे रोज चाळीस तास. आठ तासांचा एक रोज धरला तर पाच रोज झाले. २०२५-२६ साली आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी रोज ३१२ रुपये. पाच रोजांचे १५६० रुपये. पाच महिन्यांचे, म्हणजे दीडशे दिवसांचे, २ लाख ३४ हजार रुपये.

आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा बैठकीत कुणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, "म्हणजे खर्च कुणी द्यायचा हे ठरलं नाही म्हणतात, पण आपण तर दिलासुद्धा."

अगदी खरं. घाणीचा खर्च कधी थांबत नसतो. कागदावर ठरेपर्यंत तो बायकांच्या डोक्यावर असतो. वर पुढे ग्रामपंचायतीनं टँकर लावला. पैसे कुठले? वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवावा लागतो, त्यातले. त्या पैशातून शाळेच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी बसायची होती. ती राहिली. म्हणजे डिझेल सांडलं ठेकेदाराचं आणि टाकी गेली आपल्या पोरींच्या शाळेची.

मग मी कायदा वाचायला लागले. वकील नाही मी, बीए आहे. पण कायदा काय म्हणतो ते समजून घेता येतं. आणि खरं सांगू, तो आपल्या गटाच्या नियमांपेक्षा फार वेगळा नाही.

गटात कर्ज कोण फेडतं? ज्यानं घेतलं तो. कायद्यातही तसंच आहे. जो प्रदूषण करील त्यानं खर्च द्यायचा. हे तत्त्व आपल्या देशात पक्कं झालं ते विहिरींमुळेच. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथं १९८०च्या दशकाच्या शेवटी रसायनांचे कारखाने आले. त्यांच्या सांडपाण्यानं आणि गाळानं साठेक विहिरींचं पाणी नासलं. ती पेट्रोलची घाण नव्हती, पण दुखणं तेच. १९९६च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की साफसफाईचा सगळा खर्च त्या कारखान्यांनी द्यायचा. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात न्यायालयानं हे तत्त्व आपल्या कायद्याचाच भाग असल्याचं म्हटलं.

बिछडीची पुढची गोष्ट ऐका. कंपनीनं पैसे भरायचं टाळलं. अर्जावर अर्ज केले. शेवटी २०११ साली न्यायालयानं ३७ कोटींहून जास्त रक्कम भरायला सांगितली, आणि तीही १९९७पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट. चक्रवाढ! आपल्याला चांगलं कळतं ते काय असतं. जो उशीर करून फायदा घेतो, त्याला त्या उशिराचीही किंमत द्यावी लागते, असं न्यायालयानं दाखवून दिलं. पण हेही विसरू नका, की निकाल लागून पंधरा वर्षं झाली तरी पैशांचा वाद चालूच होता. तोवर बिछडीच्या बायकांनी पाणी कुठून आणलं असेल?

म्हणून नुसतं "ज्यानं घाण केली तो भरील" एवढं पुरत नाही. गटात कर्जदार पळाला तर आपण काय करतो? जामीनदाराला धरतो. मग सरकारी जमिनीचा जामीनदार कोण?

मला तर वाटतं, ज्याची जमीन तोच जामीनदार.

हे मी मनचं बोलत नाही. १९९६च्याच डिसेंबरात हिमाचल प्रदेशातल्या बियास नदीच्या काठच्या जमिनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायालय म्हणालं की नद्या, वनं, किनारे, हवा, पाणी यांचं सरकार हे मालक म्हणून नाही, विश्वस्त म्हणून रक्षण करतं. विश्वस्त म्हणजे काय? देवळाचे दागिने ज्याच्या ताब्यात असतात तो. दागिने त्याचे नसतात, पण हरवले तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. "चोर सापडला की बघू" असं म्हणून त्याला घरी बसता येत नाही.

आणि "निधी नाही" या उत्तराचं काय? त्यालाही जुना जबाब आहे. मध्य प्रदेशात रतलाम शहरातल्या एका वस्तीत उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याचं घाण पाणी वाहत होतं. लोक दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८० साली न्यायालयानं सांगितलं की लोकांच्या आरोग्याचं कर्तव्य टाळायला पैसे नसल्याचं कारण चालणार नाही. ज्या कलमाखाली ते लोक गेले होते, ते आजही आहे. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश प्रांताधिकारी त्याखाली काढू शकतात.

यात आता नवीन भर पडली आहे. २०२५च्या जुलैत केंद्र सरकारनं दूषित झालेल्या जागांसाठी वेगळे नियम काढले. त्यात आपल्या कामाचं काय आहे ते सांगते. आपल्या हद्दीत दूषित वाटणाऱ्या जागांची माहिती स्थानिक संस्थेनं आणि जिल्हा प्रशासनानं द्यायची. माहिती मिळाल्यावर ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची. पुढे आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपासणी होऊन जागा खरंच दूषित आहे का ते ठरायचं. जबाबदार कोण ते राज्याच्या प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत शोधायचं. खर्च जबाबदार माणसाकडून घ्यायचा. तसं झालं नाही, तर साफसफाईच्या खर्चाची सोय केंद्र आणि राज्य सरकारनं करायची.

म्हणजे जामीनदार कोण, ते आता लिहून ठेवलेलं आहे. एक उणीव मात्र आहे. जागा दूषित ठरल्यावर ती अमुक दिवसांत साफ झालीच पाहिजे, अशी मुदत त्या नियमांत नाही. तपासणीला तारीख आहे, पण साफसफाईला नाही. तिथं आपल्यालाच पाठीमागे लागावं लागणार.

आता कुणी म्हणेल, सरकारनं भरलं म्हणजे आपणच भरलं की! सरकारचा पैसा आपलाच. हे बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. ठेकेदाराला सोडा असं मी म्हणत नाही. सरकारनं आधी जागा साफ करावी आणि मग पैसे त्याच्याकडून वसूल करावेत. वसुलीची ताकद सरकारकडे आहे. नोटीस, जप्ती, अनामत रक्कम, काळी यादी, सगळं त्यांच्या हातात. आमच्या मावशींच्या हातात नुसता पोहरा. ज्याच्याकडे ताकद आहे त्यानं थांबावं, मावशींनी का थांबायचं?

आणि डिझेल काही थांबत नाही. ते पाण्यापेक्षा हलकं, पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, तेलही वर येतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, तेल खालच्या मातीलाही चिकटतं. असं दर वर्षी खालीवर होत जास्त जास्त माती खराब होते. पहिल्या वर्षी टाकी आणि चार ट्रॉल्या माती काढून भागलं असतं, तिथं पुढे विहिरीवरच पाणी सोडायची वेळ येते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. जमीन सरकारची आणि सांडणारंही सरकारच असेल तर?

आसाममध्ये तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान नावाचं गाव आहे. तिथं ऑइल इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीची गॅस विहीर आहे. २०२०च्या २७ मे रोजी, टाळेबंदीच्या काळात, त्या विहिरीवरचा ताबा सुटला. गॅस आणि तेल उसळून बाहेर यायला लागलं. ९ जूनला आग लागली. कंपनीचे दोन अग्निशामक जवान गेले. हजारो लोकांना घरदार सोडून छावण्यांत राहावं लागलं. ती विहीर पूर्ण बंद करायला नोव्हेंबर उजाडला.

गावाशेजारी मागुरी-मोटापुंग नावाचं बील आहे. बील म्हणजे मोठं पाणथळ तळं. किती तरी घरं त्यावर मासे धरून जगतात. पाण्यावर तेल पसरलं, मासे मेले, एक डॉल्फिनही मेलेला सापडला. हरित न्यायाधिकरणानं जूनमध्येच कंपनीला २५ कोटी रुपये जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा करायला सांगितलं. म्हणजे सरकारी कंपनी आहे म्हणून सुटका नाही, हे तर ठरलं. पण पुढे नुकसानीचं बघायला जी समिती नेमली, तिच्यात त्याच कंपनीचे प्रमुख! २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि त्याला स्थगिती दिली. कर्ज थकवणारीलाच वसुलीला पाठवण्यातला प्रकार तो. आपल्या गटात आपण कधी चालवून घेतला असता?

बाघजानवरून मला आणखी एक गोष्ट कळली. घर जळालं तर भरपाई मागायला घरमालक असतो. शेत गेलं तर सातबारावर नाव असतं. पण बीलाची भरपाई मागायला कोण? गायरानाची कोण मागणार? ज्याच्यावर सगळ्यांचं पोट असतं, त्याच्यासाठी अर्ज करायला एकाचंही नाव नसतं. म्हणून सार्वजनिक जागेची घाण सगळ्यात शेवटी निघते. ते नाव आपल्याला द्यायचं आहे. गटाचं नाव, ग्रामसंघाचं नाव.

आणि असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हवाई राज्यात रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात तिथल्या नौदलाच्या इंधनाच्या मोठ्या टाक्या होत्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनच्या. २०२१च्या नोव्हेंबरात विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात गेलं. त्या पाणीयोजनेवर सुमारे ९३ हजार माणसं होती, बरीचशी सैनिकांचीच कुटुंबं. नळाला इंधनाचा वास, मुलांच्या अंगावर पुरळ, उलट्या. सुरुवातीला अधिकारी म्हणाले, पाण्यात काही दोष दिसत नाही. पण घराघरांतली माणसं बोलत राहिली. २०२२च्या मार्चमध्ये त्या टाक्या कायमच्या बंद करायचा निर्णय झाला. २०२५ साली तिथल्या न्यायालयानं पहिल्या सतरा जणांना मिळून ६ लाख ८० हजार डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. एवढ्या मोठ्या नौदलालाही नाकावर विश्वास ठेवावा लागला. मग आमच्या मावशींच्या नाकावर तालुक्यानं का ठेवू नये?

आता आपण काय करायचं ते सांगते. वही असेल तर घ्या, नसेल तर पोरीला लिहायला सांगा.

घाण दिसली त्या दिवसापासून तारखा लिहा. वास कधी आला, कुणी सांगितलं, कुणाला काय त्रास झाला. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत द्या, प्लास्टिकच्या नको. आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहा की यात पेट्रोल-डिझेलचा अंश तपासावा. नाहीतर प्रयोगशाळा नेहमीच्याच तपासण्या करून देते आणि कागदावर पाणी पुन्हा चांगलं ठरतं.

तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या. एक ग्रामपंचायतीला, एक तहसीलदारांना, एक प्रांतांना, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. चारही अर्जांत लिहा की प्रती कुणाकुणाला दिल्या आहेत. म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही, आणि बोट दाखवायचंच असेल तर एकमेकांसमोर दाखवावं लागतं.

जागेचा सातबारा काढा. ती कुणाला, किती दिवसांसाठी, कोणत्या अटींवर दिली होती, ते माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर. पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या साठ्याला परवाना लागतो. तो देणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. टाकीचा परवाना कुणाच्या नावावर होता, की नव्हताच, हे विचारलं की पळालेल्या माणसाचा पत्ता लागायला मदत होते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे तर आपल्याला माहीत आहे. तिथं विषय घ्या, ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचून घ्या. एवढं करूनही हललं नाही, तर हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठीचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून तारखा लिहायला सांगितल्या. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून बायकांना मोफत वकील मिळतो, तोही विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाण व्हायच्या आधीचं. पुन्हा कुणी गावाची जागा वापरायला मागितली, की ग्रामसभेत अट घाला. जमिनीत काय पुरणार ते आधी लिहून द्या. जाताना टाकी काढा, माती-पाणी तपासा, ग्रामसभेला दाखवा. तोवर अनामत परत नाही.

ही अट मला का सुचली ते सांगते. आमच्या विहिरीचं पुढे काय झालं, हे तुम्ही मनात विचारतच असाल.

आम्ही प्रांतांकडे अर्ज केला आणि सोबत आमच्या वहीतलं ते पान जोडलं, २ लाख ३४ हजारांचं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, "साहेब, बचत गटानं. आम्ही दर महिन्याला हिशोब काढतो." पंधरा दिवसांत पंचनामा झाला. टाकी उकरून काढली, भोवतीची काळी पडलेली माती उचलून नेली. गायरानाच्या दुसऱ्या बाजूला नवीन बोअर मिळालं. त्याचं पाणी तपासलं, ते चांगलं आहे. चाळीस घरांची पायपीट थांबली.

पण ठेकेदाराची अनामत रक्कम त्याला कधीच परत गेली होती. जाताना जागा कशी सोडली, हे कुणी पाहिलंच नाही. आणि जुन्या विहिरीला अजून वास येतो. ती साफ कुणी करायची, यावर कागद अजून फिरतोय. म्हणजे आम्ही अर्धंच जिंकलोय. ते मी लपवणार नाही.

आमच्या वहीतलं ते पान मी बंद केलेलं नाही. दर महिन्याच्या बैठकीत आम्ही ते उघडतो. अर्जाचं काय झालं, कोण जाऊन आलं, काय उत्तर मिळालं, ते लिहितो. गटात थकबाकी असली की आपण नाव खोडत नाही ना, तसंच. सरकार आपलं आहे, परकं नाही. पण आपल्या माणसाकडेच हक्कानं मागता येतं.

परवा त्या मावशी त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. त्यांच्या लग्नात पहिलं पाणी त्यांनी याच विहिरीचं भरलं होतं. म्हणाल्या, "बोअरचं पाणी चांगलं आहे गं. पण ही विहीर मला परत पाहिजे."

मलाही पाहिजे. तुमच्या गावच्या वरच्या अंगालाही एखादी अशी जागा असेल, पत्रे गेलेली आणि टाकी राहिलेली. या आठवड्यात गटाच्या चौघी जणी मिळून एकदा तिथं जाऊन या.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.